शेऱ्याचा रकाना

माझी नोकरी लोकांची गाऱ्हाणी लिहून घ्यायची होती. कंपनी कपाशीचं बियाणं आणि फवारणीची औषधं विकायची. चिखलीत टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. बियाण्याच्या पाकिटावर आणि औषधाच्या डब्यावर जो नंबर छापलेला असायचा, तो फोन माझ्या टेबलावर वाजायचा. चिखली, मेहकर, लोणार या तीन तालुक्यांतून फोन यायचे. बियाणं उगवलं नाही, कपाशीची पऱ्हाटी लाल पडली, फुलायच्या आधीच पात्या गळून राह्यल्या, बोंडात अळी निघाली. मी नाव, गाव, पाकिटावरचा नंबर विचारायचे आणि कॉम्प्युटरवर भरायचे.

ती वर्षं बीटी कपाशीची होती. आधी लोक म्हणायचे, या कपाशीला अळी लागत नाही, फवारायचं कामच नाही. मी नोकरीला लागले तोवर ते बोलणं बंद झालं होतं. गुलाबी अळी बोंडात शिरायची. वरून बोंड चांगलं दिसायचं आणि फोडलं की आत काळी पडलेली रुई. माझे अब्बा गाद्या भरायचं काम करतात, कापूस पिंजायचं मशीन आहे आमचं. अळीनं खाल्लेल्या, डागी कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात आणि ती हलक्या गाद्यांत जाते. त्या वर्षांत आमच्या दारात कवडीचे ढीग लागायचे. दिवसभर फोनवर जे ऐकायचं, तेच संध्याकाळी घरी शिरताना पायात यायचं.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला टेबलावरची एक चपटी काळी डबी दाखवली. तिला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेला होता.

"हा कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"हा नुसता रस्ता आहे. कॉम्प्युटर तिकडे, हेड ऑफिसले. तू इथं बसून तिथल्या मशिनवर काम करशील. रिमोट डेस्कटॉप म्हणतात त्याले."

साहेब लोणारकडच्या बीबी गावचे. त्यांचं स्वतःचं वावर होतं, त्यातही कपाशीच होती. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. मशीन सुरू केलं की आधी पासवर्ड टाकायचा. मग चावीच्या जुडग्याला लावतात तेवढं एक छोटं यंत्र होतं, त्यावर दर मिनिटाला बदलणारे आकडे असत, ते टाकायचे. मग समोर खिडकी उघडायची आणि तीत त्या दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा दिसायचा. नेट मंद असलं की मी टाइप केलेली अक्षरं थोड्या वेळानं उमटायची. लाइट गेली तरी तिकडे काम तसंच राहायचं. परत आली की अर्धं वाक्य जागेवर असायचं. मला ते आवडायचं.

त्यातून काहीही बाहेर निघत नव्हतं. प्रिंट नाही, कॉपी नाही, पेनड्राइव्हच्या जागी सील लावलेलं. लोकांच्या तक्रारी दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नयेत म्हणून, असं साहेब म्हणाले. माझ्याकडून एका कागदावर सही घेतली, की कंपनीची माहिती मी तोंडी, लेखी किंवा अन्य कोणत्याही मार्गानं बाहेर नेणार नाही. मी तो कागद वाचला होता. वाचला नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

घरी अब्बांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "मतलब तू दुसरे के घर में बैठके लिखती." घरी आम्ही हिंदीच बोलतो, चिखलीची.

तक्रारीच्या फॉर्ममध्ये बरेच रकाने होते आणि सगळ्यात शेवटी शेऱ्याचा. बाकीच्या रकान्यांत यादीतून निवडायचं असायचं, शेऱ्यात मात्र वाटेल तेवढं लिहिता यायचं. सुरुवातीला मी तिथं दोन शब्द लिहायचे, 'अळीचा प्रादुर्भाव' असले. एकदा साहेबांनी मला बोलावलं.

"माणूस इतकंच बोलला का?"

"नाही सर. खूप बोलले ते."

"मंग जसा बोलला तसं लिही. प्रादुर्भाव वाचून मले काहीच समजत नाही. त्यानं पानी कवा देल्लं, शेजारच्याच्या वावरात काय आहे, हे त्याच्या बोलन्यातूनच कयते."

तेव्हापासून मी लोकांच्या तोंडचं लिहायला लागले. 'मॅडम, बोंड फोडलं तं अळी माझ्याकडं पाहून राह्यली.' हे मेहकरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं होतं, तसंच्या तसं लिहिलं. साहेब ते वाचायचे. कधी फील्डच्या पोराला, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या आमच्या माणसाला, त्या वावरात पाठवायचे, कधी हेड ऑफिसला कळवायचे. मला वाटायचं माझं काम कुठंतरी पोचतंय.

चौथ्या वर्षी सप्टेंबरमध्ये एक फोन आला. पऱ्हाटी तेव्हा डोक्याएवढी झालेली असते, माणूस आत शिरला तर बाहेरून दिसत नाही.

"औषधाच्या डब्यावरचा नंबर हाच आहे का, ताई?" बाईचा आवाज होता.

"हो, बोला."

"आमच्या घरच्यायले दिसून नाई राह्यलं."

मला वाटलं ती पिकाचं बोलतेय. "पिकात काय दिसत नाही?"

"पिकात नाई व माय. डोयानं. त्यायले डोयानं दिसून नाई राह्यलं."

ती बुलडाण्याच्या दवाखान्याच्या आवारातून बोलत होती. हातात औषधाचा रिकामा डबा होता, त्यावरचा नंबर तिनं कुणाकडून तरी वाचून घेतला होता. गाव आमच्याच तालुक्यातल्या उंद्रीच्या पुढचं. नवरा रोजानं फवारणीला जायचा, लोकांच्या वावरात. तीन दिवसांपूर्वी ज्या वावरात गेला होता, तिथं आमच्या कंपनीचा माणूस आला होता आणि त्यानं दोन औषधं एकाच पंपात मिसळून दाखवली होती. म्हणाला होता, अळी जागीच मरते. तिचा नवरा दुपारपर्यंत तो पंप पाठीवर घेऊन फिरला. वारा समोरून होता. सदरा ओला झाला. घरी आल्यावर ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला, आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, दिवा लावा, अंधार काऊन केला?

मी सगळं लिहिलं. तक्रारीच्या यादीत माणसाला इजा झाली असा प्रकार नव्हता, म्हणून 'इतर' निवडलं आणि शेऱ्यात पूर्ण हकिगत लिहिली. कोणत्या वावरात, कोणती दोन औषधं, डब्याचं झाकण कसलं, कंपनीचा माणूस काय म्हणाला, तोंडाला बांधायला काही दिलं होतं का. तिला मी पुन्हा पुन्हा विचारत होते आणि ती न चिडता सांगत होती. मधे कुणीतरी तिला आत बोलावलं, तिनं फोन धरून ठेवायला सांगितलं, मी धरून ठेवला.

साहेबांनी ते वाचलं.

"त्या पोराले मी सांगतलं होतं," ते म्हणाले, "दोन औषधं एकात करू नको म्हनून." फील्डच्या पोराला त्यांनी आत बोलावलं, दार लावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली. साहेबांनी प्रकरण हेड ऑफिसला पाठवलं, तिकडून उत्तर आलं, चौकशी सुरू आहे.

तो माणूस वाचला. दवाखान्यातून घरी आला, तेव्हा त्याला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. हातही थरथरायचे. हे त्याच्या बायकोनं मला फोन करून सांगितलं. त्यानंतर ती मधून मधून फोन करत राहिली, कधी काही विचारायला, कधी नुसतीच.

डिसेंबरात ती ऑफिसला आली. तिला मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्याच वयाची होती, तिशीच्या आतली. मला फोनवरून ती थोराड वाटली होती. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"ताई, तालुक्याले चौकशी बसून राह्यली, फवारनीनं ज्यायले बाधलं त्यायची. तिथं म्हनतात, कंपनीले कयवलं होतं का, त्याचा कागद आना. तुम्ही लिहून घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं."

"मंग तो कागद द्या."

मी तिला सांगायला लागले की कागद असा नसतोच, ते सगळं दुसरीकडे असतं, इथून प्रिंट निघत नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मेले असते तं कागद झाला असता, असं दवाखान्यातली एक बाई म्हने. जित्या मान्साचा कागदच होत नाई."

मी तिच्याकडून अर्ज लिहून घेतला. साहेबांनी तो हेड ऑफिसला पाठवला. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

जानेवारीत पुण्याहून एक मुलगा आला, आम्हाला नवीन काम शिकवायला. रिमोट डेस्कटॉप बंद होणार होता. त्याच्या जागी वेब ॲप्लिकेशन येणार होतं. काळ्या डबीची गरज नाही, आकडे बदलणाऱ्या यंत्राची गरज नाही. ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा, झालं. अगदी मोबाइलवरूनही.

"आत्तापर्यंत कसं होतं," तो म्हणाला, "तुम्हाला घराची किल्लीच दिली होती. आत गेलात की सगळं घर मोकळं. कंपनीला ते धोक्याचं आहे, आणि खर्चिकही. आता खिडकी. जेवढं लागतं तेवढंच खिडकीतून मिळेल."

त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. नवीन पान भराभर उघडायचं, अक्षरं लगेच उमटायची. पण त्यात मला माझ्याच आणि चालू असलेल्याच तक्रारी दिसायच्या. बंद झालेली तक्रार पानावरून निघून जायची. ठरलेल्या दिवसांत कुणी हात लावला नाही तर ती आपोआप बंद व्हायची. आणि शेऱ्याला दीडशे अक्षरांची मर्यादा होती. त्यापुढं टाइप केलं तर कीबोर्ड दाबला जायचा, पण उमटायचं काही नाही.

"जुन्या तक्रारी?" मी विचारलं.

"येतील ना. सगळ्या इकडे आणतोय आपण."

"शेऱ्यासकट?"

त्यानं माझ्या स्क्रीनवरचे दोन-तीन शेरे वाचले. "'दिसून नाई राह्यलं'. हे काय आहे?" तो हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, त्याच्या कानाला ते तसंच लागत असेल. "नाही, शेरे नाही येणार. ते असं मोकळं लिहिलेलं आहे, त्याचं काही करता येत नाही. बाकी सगळे रकाने येतील."

मी उंद्रीकडची ती तक्रार नवीन पानावर शोधायला लावली. त्याच्याकडे सगळं दिसण्याची परवानगी होती, त्यानं काढून दाखवली. नाव, गाव, तारीख. प्रकार: इतर. स्थिती: बंद. शेरा कोरा.

"ही बंद कुणी केली?"

"कुणी नाही. सिस्टीमनं केली. दिवस उलटून गेले होते."

जुनं मशीन महिनाअखेरपर्यंत सुरू राहणार होतं, संध्याकाळी सहापर्यंत. मी दोन दिवस काहीच केलं नाही. कागदावरची माझी सही आठवत होती. आमच्या घरात तेव्हा पक्का पगार फक्त माझा होता. अब्बांना मी सगळं सांगितलं, त्यांनी पिंजायचं मशीन थांबवून ऐकलं आणि एवढंच विचारलं, "वो औरत सच बोल रही?"

"हाँ."

"और तूने वहीच लिखा?"

"वहीच लिखा."

ते पुन्हा कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या पोरांची असते तशी एक वही घेऊन गेले आणि दुपारी ती तक्रार उघडून शेरा हातानं उतरवायला बसले. साहेब बाहेर आले. माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी लिहायची थांबले. त्यांनी वहीत पाहिलं, स्क्रीनवर पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "चाल बे, चहा पिऊन येऊ. घंटाभर तरी लागंल." ते खरंच तासाभरानं आले. तोवर माझं उतरवून झालं होतं, सव्वादोन पानं.

फवारणीनं बाधलेल्यांच्या आणखीही तक्रारी त्या मशिनवर होत्या. त्या मी उतरवल्या नाहीत. वेळ होता. महिनाअखेरीला आठ दिवस बाकी होते. एक उतरवली तर चूक झाली म्हणता येईल, सगळ्या उतरवल्या तर चोरी म्हणतील, असा हिशेब मी मनात केला होता. त्या माणसांची नावंही आता मला धड आठवत नाहीत.

चौकशीच्या आधीच्या रविवारी ती वही घेऊन मी उंद्रीची बस धरली, तिथून ऑटोनं तिच्या गावाला गेले. घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा. तिचा नवरा ओट्यावर बसला होता, पाठ भिंतीला टेकून. मी बोलले तसं त्यानं तोंड वळवलं, माझ्या थोडं उजवीकडं.

"फोनवाल्या मॅडम होय?"

"हो."

"त्यात काय लिहिलं, ते मले वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. त्याच्या बायकोनं सांगितलेलं, मी लिहिलेलं, त्यानं आजवर ऐकलंच नव्हतं. तो मान हलवत ऐकत होता. ओकाऱ्यांपाशी आले तेव्हा त्यानं हात मांड्यांखाली दाबून धरले, थरथरू नयेत म्हणून. शेवटी म्हणाला, "बराबर आहे सारं. फकस्त एक. झाकन निळं नोतं. हिरवं होतं त्या दुसऱ्या डब्याचं. मीच खोललं होतं."

त्याची बायको आतून म्हणाली, "मले निळंच वाटलं होतं."

"हिरवं होतं," तो म्हणाला. "ते मी शेवटचं चांगलं पाह्यलं."

मी पेन काढलं, 'निळ्या' खोडून वर 'हिरव्या' लिहिलं. तक्रारदारानं काही दुरुस्त केलं तर लगेच दुरुस्त करायचं, ही मला चार वर्षांची सवय होती. त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही.

चौकशी एका सरकारी खोलीत होती. एक अधिकारी, त्यांच्या बाजूला लिहून घेणारा. कंपनीकडून पुण्याचे एक वकील आले होते आणि आमचे साहेब. ज्याच्या वावरात फवारणी झाली तो शेतकरीही बोलावला होता. त्यानं सांगितलं की औषध कुणी मिसळलं ते त्याला आठवत नाही, तो त्या वेळी विहिरीवर होता. आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो. नवऱ्याला तिनं आणलं नव्हतं, उन्हानं त्याच्या डोळ्यांची आग व्हायची.

अधिकाऱ्यांनी वही वाचली. शांतपणे, दोनदा वाचली. मग वकिलांकडे दिली. वकील माझ्याशी फार सौजन्यानं बोलले.

"हे अक्षर आपलं?"

"हो."

"कधी लिहिलंत?"

"तक्रार सप्टेंबरात लिहिली. ही नक्कल जानेवारीत केली."

"कशावरून केलीत?"

"स्क्रीनवरून."

"तो कॉम्प्युटर आता कुठे आहे?"

"माहीत नाही."

"कुठल्या शहरात आहे?"

"माहीत नाही. हेड ऑफिसला आहे एवढंच सांगितलं होतं, मी तो कधी पाहिला नाही."

"चार वर्षं त्यावर काम केलंत आणि पाहिला नाही?"

मागं कुणीतरी हसलं. वकिलांनी फाइलमधून एक कागद काढला. माझ्या सहीचा.

"ही सही आपली?"

"हो."

"यात लिहिलंय की कंपनीची कोणतीही माहिती आपण बाहेर नेणार नाही. मग आपण माहिती बाहेर नेलीत का?"

मी त्या सहीकडं पाहिलं.

"नेली असेल तर आपण करार मोडलात. नेली नसेल तर या वहीत आहे ते कंपनीच्या कॉम्प्युटरवरचं नाही. दोन्हींपैकी काय ते सांगा."

"नेली," मी म्हणाले.

"ठीक आहे." त्यांनी वही माझ्यापुढं धरली. "इथं एक शब्द खोडून दुसरा लिहिलाय. स्क्रीनवर असंच खोडलेलं होतं का?"

मी खरं तेच सांगितलं, की स्क्रीनवर निळं होतं, त्या माणसानं मला परवा हिरवं सांगितलं म्हणून मी बदललं.

"म्हणजे ही नक्कल नाही," वकील अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले. "हे साक्षीच्या दोन दिवस आधी, अर्जदाराच्या घरी बसून तयार केलेलं आहे."

अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "अशी तक्रार तुमच्या वाचनात आली होती का?"

साहेब उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "सिस्टीममध्ये जे आहे तेच कंपनीचं म्हणणं आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं शुद्ध मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. सिस्टीममध्ये काय आहे, याचा छापील कागद वकिलांनी पुढं केला. नव्या पानावरून प्रिंट निघत होतीच. प्रकार इतर, स्थिती बंद.

बाहेर आल्यावर साहेब जिन्याशी थांबले होते. मी त्यांच्या बाजूनं निघून गेले. त्यांना काही बोलायचं होतं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या दोन मुली शिकत होत्या. मी हे समजू शकते आणि तरी त्यांना माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मशीन लावलं, पत्ता टाकला, नाव आणि पासवर्ड टाकला. पान म्हणालं, हा वापरकर्ता आढळला नाही. मी स्पेलिंग तपासून पुन्हा टाकलं. तेच आलं. साहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते. शिपाई म्हणाला, "मॅडम, तुम्ही घरी जा, फोन येईल." दुपारपर्यंत बसून मी माझा डबा आणि ओढणी घेऊन घरी आले. फोन आला नाही, पंधरा दिवसांनी नोकरी संपल्याचं पत्र आलं.

चौकशीचा अहवाल उन्हाळ्यात लागला. कंपनीच्या सल्ल्यानं औषधं मिसळली याचा पुरावा नाही, फवारणी करताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे नव्हते, असं त्यात होतं. ते खरंच होतं, नव्हते. ती बाई अहवालाची झेरॉक्स घेऊन आमच्या घरी आली. मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हन्जे हे झालंच नाई?" मग स्वतःच म्हणाली, "नाई, झालं म्हनतात, आमच्यानंच झालं म्हनतात." अम्मीनं तिला जेवायला वाढलं. ती जेवली, अब्बांना हात जोडले आणि उंद्रीच्या बसला गेली. मला तिनं एका शब्दानंही बोल लावला नाही. लावला असता तर मला पुढची दोन वर्षं थोडी सोपी गेली असती.

मी आता स्टँडजवळच्या एका ऑनलाइन केंद्रात बसते. लोकांचे फॉर्म भरून देते. सगळी कामं पानावरच असतात, खिडकीतली. मी लोकांना सांगते की भरून झालं की प्रिंट घ्या, आणि घेतल्याशिवाय त्यांना उठू देत नाही. काही लोक त्यावरून वैतागतात.

तिचा नवरा आता वावरात जातो, तिच्या मागं मागं. ती कापूस वेचते आणि तो पोतं धरतो. हाताची थरथर कमी झाली, डोळे तसेच आहेत. गावात रोजानं फवारायला जाणारं माणूस मिळत नाही. ज्यांनी ऐकलंय ते जात नाहीत. म्हणून आता त्या कामाला ती जाते. वेचणीपेक्षा त्याला जास्त रोज मिळतो.

गेल्या पावसाळ्यात तिनं शेजारणीच्या मोबाइलवरून मला एका डब्याचा फोटो पाठवला. त्यावरचा त्रिकोण लाल होता, म्हणजे सगळ्यात जहाल. मी लगेच फोन लावला.

"याला हात लावू नका. हे फार विषारी आहे. दुसरं काही मागा त्यांच्याकडून."

"हाव," ती म्हणाली. मागं पंप भरल्याचा, पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"ऐकताय ना?"

"हाव ताई, ऐकून राह्यली. पन वावरवाले तेच घेऊन आले. ते बारीक अक्षर मले वाचता येत नाई. किती टाकायचं तेवढं सांगा."

मी फोटो मोठा केला. अक्षरं फुटत होती, तरी आकडा वाचता आला. मी तिला तो सांगितला. तोंडाला फडकं बांधा म्हणाले, वारा पाठीकडून ठेवा म्हणाले, दुसरं काही त्यात मिसळू नका, हे दोनदा म्हणाले. ती प्रत्येक वेळी हाव म्हणाली आणि मग पंप पाठीवर घ्यायचा म्हणून तिनं फोन ठेवला.